मोहरीर सरांनी परत पाठवलेलं विधेयक

जबलपूरच्या गढ्यात शालिग्राम मोहरीरांचं घर कुणालाही विचारा. पानवाला हातातलं पान खाली न ठेवता सांगतो, "वो संविधानवाले सर? सीधे जाओ, नीम के बाद वाला घर।" भोसल्यांच्या अमलात त्यांचे पूर्वज नागपूरहून इकडे कारकुनीला आले आणि इथलेच झाले. भाषा घरात राहिली, बाहेर हिंदी आली. आडनाव तेवढं जुन्या कामाचं उरलं. मोहरीर म्हणजे कागद लिहिणारा. कागद नीट असला पाहिजे, ही त्या घराची पिढ्यान्पिढ्यांची खोड.

शालिग्राम सरांनी ती खोड पाटनच्या सरकारी शाळेत नेली. तीस-बत्तीस वर्षं सकाळची बस धरून ते पाटनला गेले आणि शेतकऱ्यांच्या, अडत्यांच्या पोरापोरींना नागरिकशास्त्र शिकवून आले. इतर मास्तर ज्या धड्याला पाच मिनिटं देत, त्याला सर पाच दिवस देत. त्यातही एक कलम त्यांच्या जिवाचं होतं, एकशे अकरावं. ते शिकवताना सरांचा आवाज जरा खाली यायचा, एखादी बाई देवघरात बोलते तसा.

"संसदेनं कायदा केला," ते सांगत, "तरी राष्ट्रपतीची सही लागते. त्याला वाटलं तर तो कागद परत पाठवू शकतो, सोबत निरोप देऊन, की बाबांनो, अमुक अमुक गोष्टींचा पुन्हा विचार करा. पण हे एकदाच. दोन्ही सभागृहांनी विचार करून कागद पुन्हा मंजूर केला, जसाच्या तसा का असेना, तर मग राष्ट्रपतीला सही करावीच लागते. पाहा, किती सुंदर आहे. मोठ्याला अडवायचा मान दिला, पण अडून बसायचा हक्क दिला नाही."

आणि जे शाळेत, तेच घरात. मुलं लहान होती तेव्हा सरांनी घरात संसद सुरू केली. दर रविवारी पोह्यांच्या बशा उचलल्या गेल्या की बैठकीत सतरंजी पडायची. पत्नी विभावरी, मुलगा अनुपम आणि मुलगी यशश्री मिळून लोकसभा. सरांच्या आई अनसूयाबाई एकट्याच राज्यसभा. "मी काही विसर्जित होत नाही रे बापा," त्या म्हणत, "तुमचं चालू द्या." आणि स्वतः सर राष्ट्रपती, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत.

"राष्ट्रपती बशा का नाही धूत?" यशश्रीनं एकदा विचारलं होतं.

"घटनेत तशी तरतूद नाही."

"मग दुरुस्ती करू ना!" विभावरी स्वयंपाकघरातून ओरडली, आणि अख्खं सदन हसलं.

अनुपमची सायकल, यशश्रीचं मांजर, पावसाळ्याआधी घराची कौलं फेरणं, सगळं तिथं यायचं. सर बरेचदा पहिल्यांदा कागद परत पाठवत. मांजराला दूध कोण देईल? सायकलचे ब्रेक कोण तपासेल? मुलं तोंड वाकडं करून पुन्हा विचार करत, पुन्हा मत देत, आणि पुढल्या रविवारी सर शाईचं पेन काढून अशी सही करत की जणू पूर्ण देश बघून राहिला आहे. पोरांना हे गणित लवकर कळलं. एकदा आला परत, तर घाबरायचं नाही, दुसऱ्यांदा न्यायचा. मराठी मंडळात सर छाती काढून सांगत, "आमच्या घरात मी आजवर एकदाही नाही म्हटलं नाही. फक्त परत पाठवलं."

हे खरं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

दोन हजार सहा सालचा तो जून. कुंडमला मुलींचं निवासी वसतिगृह नवीन निघालं होतं. कुंडम म्हणजे जिल्ह्याच्या पूर्वेचा जंगलाचा भाग, तिथल्या गावांतल्या मुली पाचवीनंतर घरी बसत. त्यांच्यासाठी ते होतं. तिथं अधीक्षिका हवी होती, आठवडाभर तिथंच राहणारी. विभावरीचे मामेभाऊ शैलेंद्र शिक्षणखात्यात होते, त्यांनी खबर आणली. विभावरी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. वर्ध्याहून बी.ए., बी.एड. होऊन लग्नानं इथं आलेली आणि गढ्यातल्या एका लहानशा शाळेत पहिलीला क, ख शिकवणारी. तिनं अर्ज केला, मुलाखत देऊन आली, निवड झाली. एक जुलैला रुजू व्हायचं होतं.

तिनं ते रविवारी रीतसर मांडलं. वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. वाचताना तिचा आवाज थोडा कापला, आणि अनुपमला हसू आलं, कारण आईला असं उभं राहून बोलताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"शनिवारी संध्याकाळी येईन, सोमवारी सकाळी जाईन," तिनं शेवटी म्हटलं. "बाकी सदनानं ठरवावं."

लोकसभेत तिन्ही हात वर. अनसूयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला. मी काय अंथरुणावर पडून राहिली का? राज्यसभा मंजूर!"

कागद राष्ट्रपतींकडे आला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माणूस कळायचा नाही. त्याच वेळी, मे सरता सरता, दिल्लीत खऱ्या राष्ट्रपतींनी संसदेचं एक विधेयक परत पाठवलं होतं. खासदारांनी दुसरं लाभाचं पद धरावं की नाही, त्याबद्दलचं. रोज वर्तमानपत्रात एकशे अकरावं कलम छापून यायचं. सरांना वाटे, आपण एवढी वर्षं ज्या देवाची पूजा केली तो आज रस्त्यावरून चालत निघाला. कात्रणं काढून ते वहीत चिकटवत. बसमध्ये अनोळखी माणसांना समजावत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगात राष्ट्रपती शिरला होता, असं म्हटलं तरी चालेल.

विभावरीचा कागद हातात घेतला तेव्हाच त्यांना तो पसंत होता. बायको वसतिगृह चालवणार, तेही कुंडमच्या पोरींचं, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला होता. पण लगेच सही केली तर मजा कुठली? निरोप कुठला? त्यांनी आठवडाभर कागद जवळ ठेवला आणि पुढल्या रविवारी, जाड कागदावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेला निरोप वाचून दाखवला. सदनानं तीन बाबींवर पुनर्विचार करावा. एक, आईंना दोन वेळा साखरेच्या आजाराची सुई द्यावी लागते. दोन, अनुपमची पुढल्या वर्षी दहावी आहे. तीन, पावसाळ्यात कुंडमचा रस्ता चांगला नसतो.

कुणी हसलं नाही. अनसूयाबाई तेवढ्या म्हणाल्या, "शालू, सही कर अन् मोकळा हो. सुई मी स्वतः टोचून घेईन."

"येऊ द्या ना पुन्हा," सर मिश्कीलपणे म्हणाले. "पुढल्या रविवारी येऊ द्या."

विभावरीनं तो जाड कागद घेतला, दुमडला आणि आत गेली.

मंगळवारी दुपारी फोन आला. विभावरी कणीक मळून राहिली होती. तशाच हातानं ती बैठकीत आली. सर कात्रण चिकटवत होते.

"अहो, ऑफिसातून फोन होता. गुरुवारपर्यंत नक्की सांगा म्हणतात, नाहीतर दुसरीला देऊन राहिले. काय सांगू?"

सरांनी वर पाहिलं. त्या क्षणी "हो सांग" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ते राष्ट्रपतींच्या खुर्चीत बसले होते, आणि समोर सदन नव्हतं, एक बाई होती, कणकेच्या हातांची. ते हसून म्हणाले, "अशी काहून विचारतेस? रविवारी मांड. दोन्ही सभागृहांतून रीतसर आलं की मग बघू."

 मनगटानं विभावरीनं कपाळावरचे केस मागे केले.

"बरं," ती म्हणाली.

तिनं हात धुतले आणि फोन केला. हे सरांना कळलं नाही. ते त्या संध्याकाळी बसस्टँडवर गेले आणि कुंडमच्या गाड्यांच्या वेळा एका कार्डावर उतरवून आले. शनिवारी पेनात शाई भरली. सहीनंतर कार्ड हातात द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं.

रविवारी सतरंजी पडली. सर म्हणाले, "सदनापुढे काय आहे?"

अनुपम यशश्रीकडे पाहू लागला. यशश्री जमिनीकडे.

"काही नाही," विभावरी म्हणाली.

"ते पुनर्विचाराचं?"

"मी मंगळवारीच नाही कळवलं. दुसरी बाई घेतली त्यांनी."

सरांच्या खिशात कार्ड होतं. ते काढता आलं नाही. काढलं असतं तर सांगावं लागलं असतं की मी सही करणारच होतो, आणि एवढा मोठा मूर्खपणा बायकापोरांसमोर कबूल करायचं धाडस, घटनेचा अख्खा ग्रंथ पाठ असूनही, त्यांच्यात नव्हतं. ते म्हणाले, "अच्छा." आणि बैठक संपली.

दिल्लीतलं विधेयक संसदेनं जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. ते कात्रण सरांनी कापलं नाही.

त्यानंतर विभावरी रविवारी सतरंजीवर बसायची, मत द्यायची, पण स्वतःचं काही आणायची नाही. साडी घ्यायची तर घेऊन यायची. माहेरी जायचं तर आदल्या दिवशी सांगायची. हळूहळू मुलांच्या शिकवण्या रविवारी आल्या, आणि ती संसद न संपवता संपली. अनसूयाबाई गेल्या. अनुपम पुण्याला, यशश्री भोपाळला. सर निवृत्त झाले. गुडघे दोघांचेही कुरकुरू लागले, विभावरीचा उजवा जास्त.

विभावरी चिडलेली कधी दिसली नाही. हेच सरांना खात राहिलं. ती सासूला सुई द्यायची, अनुपमच्या दहावीला पहाटे चहा करायची, आणि चेहऱ्यावर कुठं आठी नसायची. सरांना वाटे, विसरली असेल. मग वाटे, विसरली नसेल. विचारायला जात आणि पाणी मागून परत येत.

गेल्या हिवाळ्यात प्रणाली घरी आली. मंडळातल्या जुन्या सभासदाची नात, आता कुंडमच्या शाळेत शिक्षिका.

"काका, आमच्या शाळेत युवा संसद आहे. मुलांनी विषय घेतला, राष्ट्रपतींनी परत पाठवलेलं विधेयक. परीक्षक म्हणून तुम्ही पाहिजेच. काकू, तुम्ही पण चला ना जी."

सरांनी विभावरीकडे पाहिलं. ती नको म्हणेल असं त्यांना वाटलं.

"येते की," ती म्हणाली. "कुंडम पाहिलं नाही कधी."

मुलाखतीला गेली होती ती जबलपूरच्या कार्यालयात. कुंडमपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती.

शाळेच्या पटांगणात मुलांनी बाकांची दोन सभागृहं मांडली होती. विधेयक होतं मुलींच्या बसचं, की आठवीपुढच्या प्रत्येक मुलीला सरकारनं शाळेची बस द्यावी. एका बाजूला उंच खुर्चीत, आईची शाल पांघरून, राष्ट्रपती बसली होती. सुखमती नावाची नववीतली मुलगी, गंभीर, ओठ घट्ट. सभापतीनं तिचा निरोप वाचला, की जंगलाच्या रस्त्यावर बस चालवायला माणसं कुठून आणणार, याचा विचार व्हावा. मंत्री उठला, त्यानं विधेयक पुन्हा विचारात घ्यावं म्हणून प्रस्ताव मांडला. विरोधकांनी "शेम शेम" केलं, कारण तेवढंच त्यांना नीट येत होतं. एक दुरुस्ती आली, बाई ड्रायव्हरही चालेल म्हणून. लोकसभेत मंजूर, राज्यसभेत मंजूर. सरांनी कागदावर खूण केली, क्रम बरोबर. कागद सुखमतीकडे गेला आणि तिनं तो हातात पडताच सही केली. टाळ्या.

शेवटी प्रणाली म्हणाली, "सर से कोई सवाल?"

राष्ट्रपतीनंच हात वर केला.

"सर, मेरे को तो बिल शुरू से अच्छा लग रहा था। फिर मैंने लौटाया काहे को?"

पोरं खो खो हसली. "अरे, स्क्रिप्ट में था!" मंत्री ओरडला.

सर उभे राहिले. लौटाना याने मना करना नहीं, ते म्हणाले, लौटाना याने सोचने का मौका देना. हे वाक्य त्यांनी पाटनच्या पोरांना हजारदा सांगितलं होतं. आज ते तोंडातून निघताना कोरडं वाटलं. सुखमतीचं समाधान झालं नव्हतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिसऱ्या रांगेत विभावरी मांडीवर हात ठेवून बसली होती. ती सरांकडे पाहत नव्हती. राष्ट्रपतीकडे पाहत होती.

चहा झाल्यावर ती प्रणालीला म्हणाली, "इथं मुलींचं वसतिगृह आहे ना? दाखवतेस?"

वसतिगृह शाळेमागेच. पिवळ्या भिंती, दोरीवर वाळणारे गणवेश, आंगणात मोहाचं झाड. तिथल्या अधीक्षिकेनं हसून आत घेतलं. विभावरी खोल्यांतून फिरली आणि विचारत गेली. थंडीत गरम पाणी मिळतं का? सणाला घरी गेलेल्या मुली परत येतात का, न आल्या तर गावात कोण जातं? पहिल्या आठवड्यात रडतात त्यांना कुणाजवळ झोपवता? स्वयंपाकाला पोरींच्या गावचीच बाई आहे का? अधीक्षिका चकित झाली. "दीदी, आप कभी हॉस्टल में थीं क्या?"

"नहीं," विभावरी म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या सरांना कळलं. हे प्रश्न आज सुचलेले नव्हते. ही बाई अठरा वर्षं मनातल्या मनात हे वसतिगृह चालवून राहिली होती.

गाडीला अर्धा तास होता. स्टँडवरच्या बाकावर ऊन पडलं होतं. प्रणाली निरोप घेऊन गेली. आणि सरांच्यानं राहवलं नाही.

"विभा, एक सांगायचं आहे. तुझा तो कागद. मी सही करणार होतो. रविवारी. पेनात शाई भरून ठेवली होती. या गाड्यांच्या वेळासुद्धा लिहून आणल्या होत्या."

त्यांना वाटलं होतं, हे ऐकून तिचं काही हलकं होईल. निदान तिला कळेल की नवरा तिच्या वाटेत आडवा पडला नव्हता.

विभावरीनं मान वळवली. "म्हणजे? तुम्हाला मी जायला हवं होतं?"

"पहिल्यापासून."

"मग आईंच्या सुया? अनुपमची दहावी?"

"परत पाठवायचं तर निरोपात काही लिहावं लागतं, म्हणून..."

"म्हणून लिहिलं."

"हो."

 समोर एक बाई बोरांची टोपली उतरवून घेत होती, विभावरी तिच्याकडे पाहत राहिली.

"मला राग नव्हता आला तुमचा," ती मग म्हणाली, अगदी हळू. "मंगळवारी मी स्वयंपाकघरात जाऊन विचार केला. म्हटलं, हा माणूस बोलतो खूप, पण आईची काळजी खरी आहे याची. पोराची काळजी खरी आहे. म्हणून नाही कळवलं. तुम्ही अडवलं म्हणून नाही. आईंना सुई देताना रोज म्हणायचे, बरं झालं, नाही गेले. अनुपमचा निकाल लागला तेव्हाही म्हटलं, बरं झालं. तेवढ्या तीन गोष्टींवर मी अठरा वर्षं उभी होते जी. तुम्ही आता त्याही काढून घेतल्या."

सर बाकावर तिच्याकडे सरकले.

"सांगायला नको होतं," ती म्हणाली. "तेवढं तरी."

गाडी आली. ती पुढे बायकांच्या जागेवर बसली. सरांना मागे जागा मिळाली. जबलपूर येईपर्यंत त्यांना तिचा अंबाडा आणि शालीचा काठ तेवढा दिसत होता.

घरी सगळं होतं तसं चालू राहिलं. चहा वेळेवर, भाजीत मीठ बरोबर. दोन आठवडे गेले. एका मंगळवारी तिनं जुनी कापडी पिशवी काढली, त्यात लोकरीचे गुंडे, सुया, मराठी-हिंदी गोष्टींची चार पुस्तकं भरली.

"उद्या कुंडमला जाऊन राहिले," ती म्हणाली. "त्या बाईशी बोलले फोनवर. दर बुधवारी. संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. तुमची पोळी-भाजी झाकून ठेवते."

विचारलं नव्हतं. मांडलं नव्हतं. सांगितलं होतं, दूधवाला उद्या उशिरा येणार आहे हे सांगावं तसं.

"मी येऊ सोबत?"

"नको."

सकाळी सर स्टँडपर्यंत गेले, पिशवी धरायला. गाडी उंच होती, पहिली पायरी तर फारच. विभावरीचा उजवा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता; डॉक्टरनं चढउतार कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि सरांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांच्या ओठांवर आलं, अगं, गुडघा बघ, पुढल्या बुधवारी जा. या वेळी कारण खरं होतं. मनापासूनचं होतं. त्यांना खरोखर भीती वाटत होती.

पण त्यांना हेही कळलं की हे आता तिच्या कानाला कसं लागेल. चौथं कारण.

त्यांनी पिशवी वर दिली. विभावरीनं दांडी धरली, डावा पाय टाकला, दात आवळून उजवा ओढून घेतला, आणि वळून न पाहता आत गेली.